मंडळात ६५, शिवारात किती?

महाराष्ट्रात अतिवृष्टीची नोंद व्हायची, तर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस दिसावा लागतो. आकडा त्यापुढे गेला की पंचनामे, मदत, विमा या गोष्टींची चर्चा सुरू होते. तो ५८ वर अडला, तर शेतात गुडघाभर पाणी असलं तरी निकषात बसवताना नाकी नऊ येतात. मंडळ म्हणजे सरासरी वीसेक गावांचा मुलूख आणि त्यात यंत्र एक. त्या यंत्राच्या तोंडात जे पाणी पडलं, त्यावरून वीस गावांचा पाऊस ठरतो. पुढे मंडळांवरून तालुक्याचा, तालुक्यांवरून जिल्ह्याचा, आणि शेवटी ‘राज्यात सरासरीच्या इतके टक्के’ अशी बातमी होते.

या साखळीत पाऊस प्रत्यक्ष मोजला जातो तो पहिल्या पायरीवरच. बाकी सगळा हिशेब असतो. तो हिशेब कसा करतात, कुठे भरवशाचा असतो आणि कुठे डळमळतो, हे समजून घेतलं तर पावसाचा कुठलाही आकडा नीट वाचता येतो.

एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, वाफ होऊन उडालं नाही, असं धरलं तर जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचेल, तेवढा पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर साधारण ४,००० लिटर. चौरस किलोमीटरवर दहा लाख लिटर.

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या भूभागावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ ११ टीएमसी पाणी. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. म्हणजे राज्याच्या सरासरीत अवघ्या १० मिलिमीटरची चूक झाली, तर हिशेबात एक आख्खी कोयना इकडची तिकडे होते.

आपण पाण्याची उंची मोजतो, त्यामुळे भांड्याचं तोंड लहान की मोठं याने फरक पडत नाही. मोठ्या तोंडात पाणी जास्त येतं, पण ते पसरतंही जास्त जागेवर. भारतीय हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० किंवा १०० चौरस सेंटिमीटरचं असतं. फायबरचं नरसाळं, खाली पाणी साठायला बाटली, आणि कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच. जमिनीवर आपटून उडालेले थेंब आत जाऊ नयेत एवढी ती उंच हवी. पण फार उंच गेली तर वारा जास्त लागतो.

२०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडातून एक मिलिमीटर पाऊस म्हणजे फक्त २० मिलिलिटर पाणी. ते अरुंद मोजग्लासात ओततात, म्हणजे थराची उंची ताणली जाते आणि मिलिमीटरचे दशांशही वाचता येतात. ग्लासावरच्या खुणा त्या-त्या तोंडाच्या मापाने केलेल्या असतात. १०० चौरस सेंटिमीटरच्या यंत्राचा ग्लास २०० च्या यंत्राला वापरला, तर पाऊस थेट दुप्पट नोंदला जाईल, आणि आकडा पाहून कुणाला शंकाही येणार नाही.

नोंदीची वेळ सकाळी साडेआठची. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहितात. मुंबई बुडाली ती २६ जुलै २००५ च्या दुपारी. तो पाऊस २७ जुलैच्या सकाळच्या नोंदीत आहे. दोन खात्यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा पुष्कळदा भांडण पावसाचं नसतं, दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचं असतं.

स्वयंचलित केंद्रांमध्ये ग्लास नसतो. तिथे नरसाळ्याखाली दोन खणांचं छोटं डोलतं भांडं असतं. एक खण ठरावीक पाण्याने भरला, म्हणजे समजा ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पावसाएवढ्या, की तो कलंडतो, रिकामा होतो आणि दुसरा खण धारेखाली येतो. प्रत्येक कलंडण्याला एक विजेचा ठोका आणि ठोक्यांची बेरीज म्हणजे पाऊस. सोय अशी की किती वाजता किती पडला हेही कळतं. उणीव अशी की धो धो पावसात भांडं कलंडत असताना पडणारं थोडं पाणी मोजणीतून निसटतं. म्हणजे नेमक्या अतिवृष्टीच्या वेळी यंत्र थोडं कमी दाखवतं, जर त्यासाठी दुरुस्ती लावली नसेल तर.

चुका बहुतेक कमीकडेच झुकतात. वारा थेंबांना तोंडावरून पुढे ढकलतो. नरसाळ्यात पाला अडकतो, पक्षी काड्या आणून टाकतात. यंत्र बसवताना मोकळी असलेली जागा दहा वर्षांत झाडाखाली जाते किंवा शेजारी भिंत उभी राहते. नियम सांगतो, की आडोसा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. नियम पाळला गेला का, हे जागेवर जाऊनच कळतं.

एका यंत्राचा शब्द किती लांब चालतो?

२६ जुलै २००५ चे ते २४ तास. सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला, कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही यंत्रं चोख होती आणि दोन्ही नोंदी खऱ्या. आता ‘मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला’ या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? दोन्हींची सरासरी काढली तर ५०९ येते, आणि ५०९ मिलिमीटर पाऊस या दोन्हींपैकी कुठल्याच ठिकाणी पडला नव्हता. त्या अनुभवानंतर मुंबईत महापालिकेने जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं विणलं, ते यामुळेच.

सह्याद्रीत हा फरक रोजचाच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला यावं तर तो हजाराच्याही आत. ढग अरबी समुद्रावरून येतात, कड्यावर चढताना थंड होऊन रिकामे होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे पडतात. त्यामुळे पूर्व-पश्चिम दिशेने दहा किलोमीटर सरकलं तरी पाऊस अर्ध्यावर येऊ शकतो, आणि डोंगररांगेच्या कडेने दक्षिणोत्तर पन्नास किलोमीटर गेलं तरी फारसा बदलत नाही. यंत्राचा शब्द किती लांब चालतो, हे असं दिशेवरही अवलंबून असतं.

प्रदेशागणिक पाऊस वेगळा, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे आणि कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पुरेसा, याची यादी दिली आहे. त्या यादीत अवंतीला आकडा आहे, अश्मकाला आकडा आहे. अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला, आकडा नाही. तिथला पाऊस अमाप म्हणून सोडून दिला आहे.

यंत्रं किती असावीत, यासाठी आज ठोकताळे आहेत. भारतीय मानकानुसार मैदानी भागात ५२० चौरस किलोमीटरला एक आणि डोंगराळ भागात १३० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक हवा. महाराष्ट्रात मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक यंत्रं आहेत, म्हणजे सरासरी दीडशे चौरस किलोमीटरला एक. कागदावर हे जाळं चांगलंच दाट आहे. मात्र प्रत्येक यंत्राचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर दोन हजार यंत्रांच्या तोंडांची बेरीज होते ४० चौरस मीटर. एका वन-बीएचके फ्लॅटएवढ्या जागेत पडलेल्या पाण्यावरून आपण तीन लाख चौरस किलोमीटरचा पाऊस सांगत असतो. शिवाय यंत्र बसतं ते माणूस जाऊ शकेल, राखण होईल, मोबाइलची रेंज मिळेल अशा ठिकाणी. ऐन घाटमाथ्यावरच्या जंगलात, जिथे पाऊस सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चढउताराचा, तिथे ती विरळ होत जातात.

ठिपक्यांपासून मुलखापर्यंत

समजा, घाटाला लागून असलेला ५०० चौरस किलोमीटरचा एक तालुका आहे आणि त्यात तीन यंत्रं. घाटमाथ्यावर एका दिवसात १८० मिलिमीटर, मधल्या टापूत ६०, पूर्वेच्या माळावर १५. तिन्हींची बेरीज भागिले तीन केली तर सरासरी ८५ येते.

पण घाटमाथ्याची पट्टी अरुंद आहे. त्या यंत्राच्या वाट्याला फक्त ५० चौरस किलोमीटर येतात, मधल्याच्या वाट्याला १५०, आणि माळावरच्या यंत्राच्या वाट्याला ३००. प्रत्येक आकड्याला त्याच्या क्षेत्राने गुणून बेरीज करा आणि ५०० ने भागा. सरासरी येते ४५. यंत्रं तीच, नोंदी त्याच, पाऊस जवळजवळ निम्मा. ४० मिलिमीटरचा हा फरक ५०० चौरस किलोमीटरवर पसरला की ०.७ टीएमसी होतो. धरणात किती पाणी येईल याचा अंदाज पहिल्या सरासरीवर बांधला, तर तेवढं पाणी फक्त कागदावर येईल.

कुठल्या यंत्राच्या वाट्याला किती जमीन, हे ठरवायची सोपी रीत अल्फ्रेड थिसेन या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९११ मध्ये सांगितली. नकाशावर शेजारशेजारची यंत्रं रेषांनी जोडायची, प्रत्येक रेषेच्या मध्यावर लंब काढायचा. हे लंब एकमेकांना छेदून प्रत्येक यंत्राभोवती एक बहुभुज तयार करतात. त्या बहुभुजातली प्रत्येक जागा इतर कुठल्याही यंत्रापेक्षा त्याच यंत्राला जवळची असते. वर्षानुवर्षं जलसंपदेच्या कामात ही पद्धत चालत आली आहे.

तिचा दोष असा, की तिला डोंगर दिसत नाही. कड्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव ती एकाच यंत्राला जोडून मोकळी होते. म्हणून डोंगराळ भागात समपर्जन्य रेषा काढतात, म्हणजे सारखा पाऊस असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा. काढणाऱ्याला मुलूख माहीत असेल तर रेषा कड्याला समांतर धावतात आणि सरासरी खऱ्याच्या जवळ येते. माहीत नसेल तर रेषा नुसत्याच सुबक येतात.

आता हे काम संगणक करतो. देशावर चौकोनांची जाळी टाकतात आणि प्रत्येक चौकोनाचा पाऊस आसपासच्या यंत्रांवरून काढतात. जवळच्या यंत्राला जास्त वजन, लांबच्याला कमी. हवामान विभागाची पाव अंशाची जाळी अशीच बनली आहे. तिचा एक चौकोन साधारण २७ किलोमीटर लांबी-रुंदीचा, आणि ती तयार करताना १९०१ पासूनच्या एकूण ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. ती सगळी केंद्रं दररोज चालू होती असं मात्र नाही. कुठल्या दिवशी किती केंद्रांकडून नोंद आली हे बदलत राहतं, आणि त्याबरोबर चौकोनाचा भरवसाही.

रडारला काय दिसतं?

यंत्रांच्या मधली जागा भरून काढायला रडार येतं. ते सूक्ष्मलहरींचे झटके सोडतं, थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं आणि काही मिनिटांत सभोवारचा मोठा परिसर पिंजून काढतं. मुंबईत कुलाब्याला एक डॉप्लर रडार आहे आणि २०२२ पासून वेरावलीला दुसरं.

पण रडार पाणी मोजत नाही, प्रतिध्वनी मोजतं; आणि या दोहोंतलं नातं सरळ नाही. दोन मिलिमीटर व्यासाचा एक थेंब घ्या आणि एक मिलिमीटर व्यासाचे आठ. पाणी दोन्हीकडे सारखंच. प्रतिध्वनी मात्र व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो: लहान थेंबाचा १ धरला तर आठांचा मिळून ८, आणि एकट्या मोठ्या थेंबाचा ६४. पाणी तेवढंच, पण रडारला एकीकडे आठपट जोर दिसतो. टपोऱ्या थेंबांचा वळीव आणि बारीक थेंबांची आषाढी झड यांना एकच सूत्र लावलं तर दोहोंपैकी एक हमखास चुकतो. प्रतिध्वनीवरून पाऊस काढायचं मार्शल आणि पामर यांचं १९४८ चं सूत्र अजूनही वापरात आहे, पण ते हवामानाप्रमाणे बदलून घ्यावं लागतं. नवी रडारं आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडतात. मोठे थेंब पडताना चपटे होतात, त्यामुळे दोन प्रतिध्वनींतल्या फरकावरून थेंबांच्या आकाराचा अंदाज बांधता येतो.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. अर्धा अंश वर रोखलेली रडारची शलाका १०० किलोमीटरवर जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंच गेलेली असते आणि २०० किलोमीटरवर चार किलोमीटर. तिथे जे दिसतं ते खाली येता येता वाऱ्याने सरकू शकतं, किंवा कोरड्या हवेत विरू शकतं, आणि शलाकेच्या खालीच तयार झालेला पाऊस तर अजिबात दिसत नाही. मध्ये डोंगर आला तर त्यामागे सावली पडते. म्हणून रडारचा नकाशा पाऊस कुठे आणि कधी पडतोय हे उत्तम सांगतो. किती, हे सांगण्याआधी जमिनीवरच्या यंत्रांशी पडताळा घ्यावा लागतो.

वरून पाहिलं तर

समुद्रावर यंत्रं नाहीत, दुर्गम जंगलांत रडार पोहोचत नाही. तिथे उपग्रहावाचून इलाज नाही. इन्सॅट मालिकेतले उपग्रह ३६,००० किलोमीटरवर एका जागी स्थिर असल्यासारखे राहून सतत आपल्याकडे पाहत असतात. अवरक्त कॅमेऱ्याला ढगाचा माथा किती थंड आहे ते दिसतं. माथा थंड म्हणजे ढग उंच, उंच ढग म्हणजे बहुधा पाऊस जोराचा, असा तर्क. गडगडाटी पावसाला तो बऱ्यापैकी लागू पडतो. सह्याद्रीत मात्र मॉन्सूनचे ढग पुष्कळदा ठेंगणे असतात. माथा फारसा थंड नसतानाही खाली झोडपून पाऊस चालू असतो, आणि उपग्रह तो कमी सांगतो. उलट वादळ ओसरल्यावर मागे पसरलेला उंच, थंड, पण रिता ढग पाहून तो नसलेला पाऊस दाखवू शकतो.

सूक्ष्मलहरी ढगाच्या पोटात शिरतात, म्हणून त्या जास्त खात्रीच्या. पण तशी उपकरणं बहुतेक खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवर असतात आणि ते एका जागेवरून येऊन जाऊन असतात. १९९७ मध्ये अमेरिका आणि जपानने पाठवलेल्या टीआरएमएम उपग्रहावर पहिल्यांदा पाऊस पाहणारं रडार अवकाशात गेलं. २०११ मध्ये भारत आणि फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स आला. २०१४ पासून जीपीएम या जागतिक पर्जन्यमापन मोहिमेचा मुख्य उपग्रह फिरतो आहे. तो इतर उपग्रहांच्या मोजमापांना एका पट्टीवर आणतो, आणि त्या सगळ्यांतून दर अर्ध्या तासाचा, एक दशांश अंशाचा नकाशा तयार होतो. आपल्या अक्षांशावर त्यातला एक चौकोन शंभराहून थोडे अधिक चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ एका मंडळाएवढा.

या नकाशाच्या तीन आवृत्त्या निघतात. पहिली चारेक तासांत, पुराच्या घाईसाठी. दुसरी आणखी काही तासांनी. शेवटची सुमारे साडेतीन महिन्यांनी, आणि तिला एवढा वेळ लागतो तो जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदी हाती आल्यावर उपग्रहाचे आकडे त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असतात म्हणून. अवकाशातलं एवढं सगळं जुळवूनही शेवटचा शब्द फायबरच्या नरसाळ्याचाच. ते ठिकाण अचूक सांगतं, रडार पसारा दाखवतं, उपग्रह यंत्रं नाहीत तिथला मुलूख दाखवतो. आणि आजचा चांगला पर्जन्यनकाशा म्हणजे या तिघांची तडजोड.

आकडा वाचायचा कसा?

क्षेत्र मोठं आणि काळ लांब असेल तर चुका एकमेकींना खातात. एका यंत्राला चुकलेली सर दुसऱ्याला सापडते, आज हुकलेली उद्या. म्हणून देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा आकडा बराच पक्का असतो. १९७१ ते २०२० च्या नोंदींवरून तो सरासरी ८७ सेंटिमीटर ठरला आहे. एका मंडळाचा एका दिवसाचा आकडा याच्या दुसऱ्या टोकाला असतो. तिथे चुकीला खाणारं कुणी नसतं. विमा आणि मदतीचे निर्णय मात्र नेमके याच टोकाला होतात.

पक्का आकडाही सगळं सांगत नाही. २०२३ मध्ये देशात मॉन्सूनचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. नुसतं तेवढं वाचलं तर वर्ष थोडं उणं एवढंच वाटेल. पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, ३६ टक्के तुटीचा. जुलै आणि सप्टेंबरने सरासरी सावरली. ऑगस्टमध्ये करपलेलं सोयाबीन सावरलं नाही.

जागेचंही तसंच. हवामान विभागाच्या ३६ उपविभागांपैकी ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच उपविभागात महाबळेश्वरही येतं आणि मंगळवेढाही. सरासरी मिलिमीटरमध्ये काढली जाते, त्यामुळे जिथे मुळात पाऊस जास्त तिथल्या चढउताराचा भार तिच्यावर जास्त पडतो. घाटमाथ्यावर महिनाभर चांगला बरसला, तर माणदेशाची तूट त्यात सहज झाकली जाते. त्यात उणे १९ पासून अधिक १९ टक्क्यांपर्यंतचं सगळं ‘सामान्य’ या एकाच नावाखाली येतं.

तेव्हा मंडळाचा आकडा हाती आला की तो कुठल्या जागेवरच्या यंत्राचा, ते यंत्र डोंगराच्या कुठल्या अंगाला, मोकळ्यावर की झाडाखाली, एवढं आधी विचारावं. दोन-चार गावांतल्या शेतकऱ्यांनी सरळ भिंतींची सारखी भांडी मोकळ्या जागी ठेवून रोज साडेआठला पाणी मोजलं आणि वहीत लिहिलं, तर मंडळाच्या आकड्यापासून आपलं शिवार सहसा किती दूर असतं हे एका हंगामात ध्यानात येईल. ती वही निकषाला चालणार नाही. पण नवं यंत्र कुठल्या गावात बसवायला हवं, हे ग्रामसभेत मांडताना तिच्याएवढा भक्कम कागद दुसरा नाही. आणि मंडळापुरता पाऊस नेमका कळायला नव्या उपग्रहापेक्षा हे एक जास्तीचं यंत्र, योग्य जागी बसवलेलं आणि दर आठवड्याला पाला काढून साफ ठेवलेलं, अधिक कामाचं आहे.